घोळीवरचे फुलपाखरू

(आपल्या महिला मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला दरवर्षी कोणी पाककृती सांगते, कोणी गवळण म्हणते, कोणी बचतीचा हिशेब वाचते. ह्या वर्षी मी थोडा वेळ मागून घेतला आहे तो एक चूक कबूल करण्यासाठी. २०२३ सालच्या श्रावणात आपल्या मंगळवारच्या बैठकीत मी तुम्हां सर्वांना एक गोष्ट अगदी छातीठोकपणे सांगितली होती. तुम्ही ती ऐकून घेतलीत, दोघीतिघींनी वाहवाही केली. ती गोष्ट चुकीची होती. त्या चुकीपायी दोन जीव गेले. जीव सुरवंटांचे होते हे खरे. पण ज्या मुलीच्या हातून ते गेले ती त्या दिवसांत धड जेवली नाही. जिथे चूक सांगितली तिथेच ती दुरुस्त करावी, म्हणून आज उभी आहे.

आपल्याकडे पहिला पाऊस पडून गेला की घोळ कुठेही उगवते. कांद्याच्या वाफ्यात, गोठ्यामागे, न्हाणीचे पाणी जाते त्या कडेला. जाड रसाळ पाने, तांबूस देठ, बारीक पिवळी फुले. सासूबाई तिची डाळ घालून पातळ भाजी करतात. मुळात आंबटसर असल्यामुळे चिंचही बेताचीच लागते. त्या दिवशी मी पडवीत परात घेऊन घोळ निवडत होते. शेजारच्या घरची मुलगी, तेव्हा सातवीत होती, माझ्याजवळ बसून देठ मोडून देत होती. एका काडीवर तिला सुरवंट दिसला. काळसर अंग, अंगभर फाटे फुटलेले काटे, तांबूस डोके आणि डोक्यावर दोन शिंगे. एरवी मी तो काडीसकट उकिरड्यावर टाकला असता. पण ती म्हणाली, "काकू, ठेवू या ना ह्याला. बघू काय होतो ते."

लोणच्याची रिकामी बरणी धुऊन घेतली, तोंडाला जुन्या धोतराचे फडके बांधले आणि आत रोज घोळीच्या ताज्या काड्या घातल्या. सुरवंट नुसता खात होता. आठवड्याने तो फडक्याला उलटा लटकला आणि त्याचा तपकिरी कोष झाला. पुढे आठ-नऊ दिवसांनी सकाळी पाहते तो बरणीत नारिंगी फुलपाखरू. पंखांची टोके काळी, त्या काळ्यात पांढरा पट्टा. मी म्हटले, "अगं, ह्याला कोण ओळखत नाही? हे तर रुईचे फुलपाखरू."

आणि ते सर्वांच्या ओळखीचे आहेच. शनिवारी मारुतीला घालायला रुईची पाने तोडायला गेलो की त्या झुडपाभोवती नारिंगी फुलपाखरे संथपणे उडत असतात, आपल्या अंगावरूनही जातात. मी मनाशी ठरवून टाकले की ह्याचे खरे अन्न रुई. हा सुरवंट चुकून घोळीवर आला असावा. बैठकीत तुम्हांला मी हेच सांगितले.

त्याच सुमारास त्या मुलीला शाळेत फुलपाखराच्या जीवनक्रमाचा प्रकल्प करायला सांगितला होता. तिने आमच्या न्हाणीमागच्या घोळीतून तसेच तीन सुरवंट शोधून काढले आणि मला विचारले, "काकू, ह्यांना घोळच घालू का?" मी मोठ्या जाणतेपणाने सांगितले, "घोळ हे काही त्यांचे खरे अन्न नव्हे. रुईची पाने घाल. चांगले पोसतील." मी वडील, म्हणून तिने ऐकले.

सुरवंटांनी त्या पानांना तोंड लावले नाही. दिवसभर बरणीच्या काठाकाठाने फिरत राहिले. ती विचारायला आली तेव्हा मी म्हटले, "नवी जागा आहे, खातील." तिसऱ्या दिवशी एक खाली पडला. चौथ्या दिवशी दुसरा. तिसरा तिने मला न सांगता उचलून परत घोळीवर नेऊन ठेवला आणि रोज शाळेला जाताना पाहत राहिली. हे मला पुढे कळले. पंधरा-वीस दिवसांनी ती धावत आली. "काकू, चला लवकर. हे वेगळेच निघाले!"

न्हाणीच्या भिंतीला कोष होता, आणि त्याच्या रिकाम्या टरफलाला धरून बसलेले फुलपाखरू नारिंगी नव्हते. मखमलीसारखे काळे होते. वरच्या प्रत्येक पंखावर एक मोठा पांढरा चांद व टोकाशी एक लहान, खालच्या प्रत्येक पंखावर एक मोठा. असे एकूण सहा चांद. कोवळे ऊन त्याच्यावर आले आणि त्याने पंख जरा हलवले, तेव्हा प्रत्येक पांढऱ्या चांदाभोवती जांभळट निळे कडे उमटले. पंख तिरपा झाला की कडे जाई, पुन्हा वळला की येई. पैठणीच्या पदरात धूपछाव असते, तसे काहीसे. आम्ही दोघी बोलेनाशा झालो. मग ती मुलगी म्हणाली, "मग काकू, आपण त्यांना रुईची पाने का घातली?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते.

रात्री झोप येईना. एकाच घोळीवरचे, सारखे दिसणारे सुरवंट. एकातून नारिंगी निघाले, एकातून काळे. माझी थोरली लेक पुण्याला शिकते. तिला फोनवर दोन्ही छायाचित्रे पाठवली. तिने आयझॅक किहिमकर यांच्या पुस्तकात शोधले. हे भारतीय फुलपाखरांवरचे जाडजूड इंग्रजी पुस्तक मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने २००८ साली काढलेले आहे; ती संस्था १८८३ पासूनची. इंग्रजी मला वाचता येत नाही, म्हणून लेकीने फोनवर अर्थ सांगितला. ह्या फुलपाखराला मराठीत छोटा चांदवा म्हणतात. इंग्रजी नाव डॅनेड एगफ्लाय. त्याचा नर काळा आणि मादी नारिंगी. सुरवंटाचे आवडते अन्न घोळ. "आई, तुझ्या बरणीतली ती रुईची नव्हतीच. ही चांदव्याची मादी. ती रुईच्या फुलपाखरासारखी दिसते एवढेच."

खरे सांगते, मला ते पटले नाही. एका आईची लेकरे एक उजळ, एक सावळे अशी निघतात, पण इतका फरक? मनाशी ठरवले की आता ऐकीव काही सांगायचे नाही. पुढच्या पावसाळ्यात डोळ्यांनी पाहायचे. लेकीने आणखी एक बजावले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत ह्या चांदव्याचे नाव घातले गेले होते. "बरणीत धरू नकोस आई. झाडावरच पाहा." तेव्हापासून बरणी लोणच्याच्या कामाला लागली.

२०२४ च्या आषाढात मी न्हाणीमागची दोन हात घोळ न तोडता राखून ठेवली. सासूबाई हसल्या. "भाजी सोडून किडे पोसतेस होय!" पण दुसऱ्या दिवशी त्यांनीच त्या कडेला बाभळीच्या फांद्या टाकल्या, शेळी शिरू नये म्हणून.

एके दिवशी दहाच्या सुमारास एक नारिंगी मादी आली. जमिनीलगत उडत एकेका रोपावर बसे, पायांनी पान चाचपडल्यासारखे करी, नको असले तर उठे. पसंत पडले की शेपटीचे टोक वाकवून पानाच्या खालच्या बाजूला एक अंडे ठेवी. एका जागी एकच, आणि पुढे जाई. ती गेल्यावर मी पाने उलटून पाहिली. मोहरीहून बारीक, फिकट हिरवे अंडे. भिंग धरले तर त्यावर उभ्या रेघा. सात अंडी सापडली. त्या सात देठांना मी तांबडा दोरा बांधला आणि दिनदर्शिकेवर, दुधाच्या हिशेबाच्या बाजूला, टिपण ठेवायला लागले.

चौथ्या दिवशी अंडी फुटली. सातांतली दोन आधीच नाहीशी झाली होती. बहुधा मुंग्यांनी नेली. अंड्यातून निघालेली अळी सुतासारखी बारीक असते. ती पहिल्याने पानाचा मऊ भाग कुरतडते, पुढे सबंध पाने खाते. तिची कातडी वाढत नाही, म्हणून अंगाला घट्ट झाली की ती फाडून बाहेर येते, खाली नवी तयारच असते. अशी चार वेळा कात टाकते. कात टाकायच्या आधी एक दिवस न खाता गप्प बसते. आजारी पडली असे वाटून आपण हलवायला जातो, तसे करू नये. काटे दिसायला भयंकर, पण ते मऊ असतात. घोसाळ्याच्या मांडवावरच्या किंवा शेवग्याच्या केसाळ सुरवंटासारखी त्यांनी खाज सुटत नाही. मात्र अनोळखी सुरवंटाला हात लावू नये हा आपला जुना नियम बरा.

पाचांपैकी एक गांधीलमाशीने माझ्या देखत उचलून नेली. मी हाकलणार होते, पण हात आवरला. तिच्याही घरी खाणारी तोंडे असतात. चार उरल्या. अठरा ते वीस दिवसांत त्या बोटाएवढ्या झाल्या आणि एकेक करून घोळ सोडून चालू लागल्या, कारण घोळीची काडी आडवी लोळणारी. तिच्यावर लटकायला जागा नसते. एक धुण्याच्या दगडाखाली गेली, एक भिंतीच्या कोनाड्यात, एक बाभळीच्या फांदीखाली. चौथी कुठे गेली ते कळले नाही.

लटकताना सुरवंट आपल्या तोंडातून रेशीम काढून एक छोटी गादी विणतो, तीत शेपटीचे टोक अडकवतो आणि डोके खाली करून लोंबतो. लिंबाच्या झाडावरचे फुलपाखरू कोष करताना कंबरेभोवती रेशमाचा दोरा घेते, आपण विहिरीत उतरणाऱ्याला बांधतो तसा. चांदवा नुसता उलटा टांगलेला असतो. दिवसभर असा राहून तो शेवटची कात टाकतो आणि आत तपकिरी, बोथट काट्यांचा कोष दिसतो. वाळलेले पान समजून आपण झाडून टाकू असा.

आत काय चालते ते मला लेकीने सांगितले. सुरवंटाच्या शरीराचा बराचसा भाग विरघळून त्यातून नवे शरीर घडते. पंखांचे, लांब पायांचे, सोंडेचे बारीक अंकुर सुरवंटाच्या अंगात आधीपासून असतात. ते कोषात वाढतात. आठव्या दिवशी कोष काळपट दिसू लागला आणि नवव्या दिवशी सकाळी फुटला. निघालेले फुलपाखरू ओले, पंख चुरगळलेल्या पदरासारखे. ते कोषाला धरून लोंबते आणि पोटातला रस पंखांच्या शिरांत ढकलते. पंख अर्ध्या तासात उलगडतात, वाळायला आणखी तास-दोन तास जातात. त्या वेळी त्याच्या अंगातून तांबूस पाण्याचे थेंब पडतात. आमच्या जाऊबाईंना वाटले रक्त गेले. ते रक्त नव्हे. कोषात साठलेला मळ असतो. आणि त्या वेळी त्याला बोट लावले तर पंख वाकडे राहतात ते जन्माचेच.

अंड्यापासून फुलपाखरापर्यंत माझ्या टिपणाप्रमाणे बत्तीस-तेहतीस दिवस झाले. तीन कोषांतून दोन काळे चांदवे निघाले, एक नारिंगी मादी. तरी माझ्या मनात किंतु राहिला. मधल्या दिवसांत दुसरी कोणी येऊन अंडी घालून गेली नसेल असे शपथेवर कसे सांगू? तो किंतु भाद्रपदात फिटला. गणपतीच्या दुर्वा काढायला गेले असता बांधावरच्या घाणेरीवर एक जोडी शेपटीला शेपटी लावून बसली होती. एक सहा चांदांचा काळा, एक नारिंगी. मी त्या मुलीला हाक मारून आणले. तिने पाहिले आणि एवढेच म्हणाली, "म्हणजे हे एकच, काकू." तिच्यापुढे माझी चूक त्या दिवशी पुरी झाली.

आता दोन गोष्टी समजून घ्यायच्या राहिल्या. एक, ती निळी चमक. दुसरी, मादीचा तो नारिंगी वेश.

चमकेचे असे आहे. कोळिष्टकात अडकून मेलेल्या एका नराचा पंख मला मिळाला होता. त्यावर बोट फिरवले तर बोटाला काळपट भुकटी लागली. निळे काही लागले नाही. फुलपाखराच्या पंखावर कौलांसारखे एकावर एक बसवलेले अगदी बारीक खवले असतात. काही खवल्यांत आपल्या कापडासारखा रंग असतो. पण चांदाभोवतीच्या खवल्यांच्या वर डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक कण्या आणि पातळ थर असतात. उजेड त्यांच्यावर पडला की त्यातला निळा-जांभळा भाग तेवढा आपल्याकडे परततो, तोही एका ठरावीक तिरपेपणातच. साबणाच्या फुग्यावर किंवा पावसात रस्त्यावर सांडलेल्या तेलावर रंग दिसतात ते ह्याच जातीचे. मोरपिसाचा निळाही असाच. मोरपीस कुटले तर निळी पूड निघत नाही. म्हणून हे फुलपाखरू ओळखायचे तर एका जागी उभे राहून पाहू नये. सावकाश बाजू बदलावी. एका बाजूने नुसते काळे-पांढरे दिसेल, दुसरीकडून जांभळे कडे दिसेल.

ही चमक नराच्याच पंखावर असते. नर उन्हाच्या जागी एखाद्या झुडपाच्या शेंड्यावर ठाण मांडतो, जवळ येणाऱ्या प्रत्येकाच्या मागे लागतो आणि पुन्हा त्याच जागी येऊन बसतो. ह्याचा भाऊबंद मोठा चांदवा. त्याच्यावर ऑस्ट्रेलियात प्रयोग झाले. ज्या नरांची चमक अधिक, त्यांना माद्यांनी अधिक पसंत केले असे दिसून आले.

मग मादीला ती चमक का नाही? तिला लपायचेही नाही आणि मिरवायचेही नाही. तिला वाचायचे आहे. रुईच्या फुलपाखराचा सुरवंट रुईची पाने खातो. रुईचा चीक किती वाईट ते आपल्याला ठाऊक आहे. डोळ्यात गेला तर काय होते तेही. तो कडू विषार सुरवंटाच्या अंगात आणि पुढे फुलपाखरात राहतो. पक्ष्याने एकदा खाल्ले की त्याला शिसारी येते आणि तो रंग तो विसरत नाही. म्हणूनच ते इतके संथ, बिनघोर उडते. चांदव्याच्या मादीच्या अंगात तसला विषार नाही. पण ती त्याच रंगाची आहे, म्हणून पक्षी फसतो आणि तिला सोडून देतो. तिला रोपारोपावर हळू फिरून अंडी घालायची असतात, म्हणून हे रूप तिच्या विशेष कामाचे.

हे पहिल्याने स्पष्ट मांडले ते हेन्री बेट्स नावाच्या इंग्रज गृहस्थांनी. ते १८४८ साली दक्षिण अमेरिकेत ॲमेझॉन नदीकाठच्या अरण्यात गेले, अकरा वर्षे राहिले, आणि तिथल्या फुलपाखरांवरून १८६२ साली हा विचार प्रसिद्ध केला. आपल्या चांदव्याला शास्त्रीय नाव त्याच्याही पूर्वी, १७६४ साली, स्वीडनच्या लिनियस यांनी दिले होते. पुढे निरनिराळ्या रंगांच्या माद्यांना विद्वानांनी वेगळी फुलपाखरे समजून वेगळी नावे दिली. लेकीने हे सांगितले तेव्हा मला थोडा धीर आला. फसणारी मी एकटीच नव्हते. पण त्यांच्या चुकीने कोणी उपाशी मेले नसेल, माझ्या चुकीने मेले.

आता ओळखायचे कसे, ते नीट सांगते, म्हणजे तुमची फसगत व्हायची नाही.

नारिंगी फुलपाखरू बसले की खालचा पंख पाहा. रुईच्या फुलपाखराच्या खालच्या पंखाच्या मधोमध तीन काळे ठिपके असतात. नराला आणखी एक मोठा, असे चार. चांदव्याच्या मादीला तिथे पंखाच्या पुढच्या कडेजवळ एकच काळा ठिपका असतो. शिवाय तिच्या पंखांची कड किंचित नागमोडी असते. उडण्यातही फरक आहे. दोन्ही संथ उडतात, पण मागे लागले की चांदव्याची मादी सोंग टाकून एकदम वेगाने पळते. रुईचे फुलपाखरू फारसे घाबरत नाही.

सुरवंट ओळखणे तर आणखी सोपे. रुईवरचा सुरवंट गुळगुळीत असतो. अंगावर पांढरे, काळे, पिवळे पट्टे आणि पाठीवर काळ्या मऊ शेंड्यांच्या तीन जोड्या. घोळीवरचा काटेरी. भगिनींनो, आमच्या बांधावर रुई आहे. दर शनिवारी मी तिची पाने तोडते. इतक्या वर्षांत एकदा जरी पान उलटून पाहिले असते, तर तिथला सुरवंट निराळा आहे हे मला दिसले असते आणि ते दोन वाचले असते. मी फुलपाखराचा रंग पाहिला. त्या सुरवंटाने पहिल्या दिवसापासून काय खाल्ले ते माझ्या डोळ्यांसमोर होते. त्याला मी किंमत दिली नाही. पाखराची ओळख त्याच्या खाण्यावरून आधी करावी, कपड्यावरून मागून, एवढे मी शिकले.

आणखी एक घोटाळा होतो तो सांगून टाकते. काळे-निळे फुलपाखरू दिसले की मुले म्हणतात, "हे महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू." ते निराळे. २०१५ साली आपल्या राज्याने ज्याला तो मान दिला ते नीलवंत. त्यालाच राणी पाकोळी म्हणतात. ते चांदव्याहून पुष्कळ मोठे असते. त्याच्या खालच्या पंखांवर फिकट निळा रंग पसरलेला असून त्यात काळे ठिपके असतात. त्याची अळी लिंबाच्या कुळातल्या झाडांची पाने खाते, घोळीवर येत नाही. मोठा चांदवाही निराळा. तो रानाच्या कडेचा, दमट सावलीचा. आपल्याच तालुक्यात भीमाशंकरचे अभयारण्य आहे, १९८५ साली झालेले. तिथल्या वाटेवर पावसाळ्याअखेर मी तो पाहिला. त्यालाही काळ्यावर पांढरे चांद आणि निळी चमक. पण त्याची मादी नारिंगी नसते. ती काळपट तपकिरी असते आणि कण्हेरीवर वाढणाऱ्या एका काळ्या फुलपाखराची नक्कल करते. घराणे एकच, रीत एकच, नेसणे मात्र निराळे.

आपला छोटा चांदवा मात्र घराजवळचा. आफ्रिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंत तो सापडतो, वेस्ट इंडीजच्या बेटांवरही आहे. एवढे जग हिंडणारे पाखरू आपल्या न्हाणीमागच्या दोन हात घोळीवर वाढते.

आणि म्हणूनच शेवटचा मुद्दा. ह्या वर्षी आमच्या घरी कांद्याच्या वाफ्यांना तणनाशक मारायचे ठरले. मजुरी परवडत नाही, माणसे मिळत नाहीत, हे मला कळते. घर मीच चालवते. फवारणी उरली म्हणून न्हाणीच्या कडेलाही मारून टाकायची होती. मी आमच्या ह्यांना म्हटले, "तेवढी कड सोडा." ते म्हणाले, "घोळ काय, उद्या परत उगवेल." घोळ उगवेल, पण तिच्यावर त्या दिवशी असलेली अंडी उगवणार नाहीत. आणि विषार पडलेली घोळ आपणही खायची नाही. हा दुसरा मुद्दा त्यांना लवकर पटला. कड राहिली. गेल्या महिन्यात तिच्यावरून चार कोष मी मोजले.

मैत्रिणींनो, कोणी शेतातले तण काढू नये असे मी म्हणत नाही. घोळीची भाजी करू नका असेही नाही. आमच्या घरी कालच झाली. माझे मागणे एवढेच की प्रत्येकीने परसात हातभर घोळ राखावी, तिच्यावर फवारा जाऊ देऊ नये, आणि भाजीला तोडताना पान उलटून पाहावे. हिरवे अंडे किंवा काटेरी अळी असली तर ती काडी राहू द्यावी. मुलांनी बरणीत धरून आणले तर रागावू नका. जिथून आणले त्याच झाडावर परत ठेवायला लावा, आणि रोज जाऊन पाहायला सांगा. पाहण्याने काही कमी होत नाही.

ती मुलगी आता नववीत आहे आणि आज समोर बसली आहे. तिच्या त्या प्रकल्पाच्या वहीत पहिल्या पानावर "रुईचे फुलपाखरू" असे लिहिलेले होते, माझ्या सांगण्यावरून. ते तिने खोडलेले नाही. त्यावर एक रेघ ओढून खाली "छोटा चांदवा" असे लिहिले आहे आणि बाजूला तारीख घातली आहे. मी विचारले, "पान फाडून नवे का नाही लिहिलेस?" तर म्हणाली, "काकू, ते दोन गेले ते पण ह्याच वहीत आहेत ना."

तुम्ही माझी जुनी गोष्ट ज्यांना ज्यांना सांगितली असेल, त्यांना ही नवीही सांगा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेते.